डफ, पण शाहिरांचा नव्हे

‘डफ’ म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक शाहिरांच्या हातातला, पोवाड्याआधी कडाडणारा. दुसरा ग्रँट डफ, साताऱ्यात रेसिडेंट असताना कागदपत्रं जमवून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साहेब, ज्याच्याशी आपले इतिहासकार नंतर पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिले. या वेळचा डफ तिसरा. हे एक जहाज आहे.

१० ऑगस्ट १७९६ ला ते लंडनहून निघालं. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीने ते विकत घेतलं होतं आणि त्यातून तीस मिशनरी पॅसिफिक महासागरातल्या बेटांकडे चालले होते. अठरा जण ताहितीसाठी, दहा टोंगासाठी आणि दोन मार्केसाससाठी. त्यातले फक्त चार जण रीतसर दीक्षा घेतलेले पाद्री. बाकीचे कोण? सुतार, गवंडी, विणकर, शिंपी, चांभार. आजच्या भाषेत ‘मल्टिस्किल्ड टीम’. सोसायटीचं म्हणणं असं की बेटावर उतरल्यावर आधी घर बांधता आलं पाहिजे, प्रवचन नंतर. सोबत सहा बायका होत्या आणि तीन मुलं. डोलकाठीवर झेंडा होता जांभळा, त्यावर चोचीत ऑलिव्हची फांदी धरलेली तीन पांढरी कबुतरं.

मला या मंडळींच्या धर्मकार्यात फारसा इंटरेस्ट नव्हता, खरं सांगायचं तर. मला इंटरेस्ट होता चित्रांमध्ये. कॅमेरा यायच्या चाळीसएक वर्षं आधी जे जहाज जगाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं, त्याचं आज बघण्यासारखं काय उरलंय? जहाज तर नाहीच. मग काय आहे? लॅपटॉपवर बसून म्युझियमचे कॅटलॉग उचकायचा नाद मला आहे. काहींना रात्री अकरानंतर शॉपिंग साइट्स लागतात, मला हे लागतं. तर डफचा माग काढताना जे सापडत गेलं ते सांगते, आणि त्याची सुरुवात, गंमत म्हणजे, आपल्याला चांगल्या माहीत असलेल्या गावापासून होते.

बंगळूरला नोकरी केलेल्या किंवा नोकरीवाल्या मित्राकडे राहून आलेल्या प्रत्येकाने एक वीकेंड म्हैसूरला काढलेला असतो. वाटेत श्रीरंगपट्टण. तिथे गाइड एक दगडी तळघर दाखवतो, ‘कर्नल बेलीज डंजन’. भिंतीला दगडी पट्ट्या, त्यांना भोकं, कैद्यांचे साखळदंड अडकवायला. आपण फोटो काढतो, बाहेर येऊन शहाळं पितो.

याच श्रीरंगपट्टणात डफचा कप्तान जेम्स विल्सन बावीस महिने कैदेत होता.

विल्सन तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला मद्रासकडच्या किनाऱ्यावर धान्य-रसद पोचवायचा. फ्रेंचांनी त्याला पकडलं आणि कडलूरला ठेवलं. १७८२ मध्ये फ्रेंच आरमारप्रमुख सफ्रन इंग्रज कैदी हैदर अलीच्या हवाली करणार, अशी कुणकुण लागताच पठ्ठ्याने रात्री तटावरून खालच्या नदीत उडी मारली. पुढे मगरींनी भरलेली कोळ्ळिडम नदी पोहून गेला. आणि एवढं करून हैदरच्या स्वारांच्या हाती सापडलाच! तो मगरींच्या नदीतून आलाय यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना, म्हणतात. मग शेकडो मैल अनवाणी चालवत श्रीरंगपट्टण, पायात बेड्या, जाडाभरडा भात. टिपूशी तह झाला तेव्हा १७८४ मध्ये सुटका.

ही सगळी कथा जॉन ग्रिफिन नावाच्या पाद्र्याने विल्सनच्या मृत्यूनंतर, १८१५ मध्ये चरित्र म्हणून छापली. धर्माकडे वळलेल्या माणसाचं चरित्र पाद्र्याने लिहिलंय, तेव्हा मीठमसाला किती तो आपण आपला समजून घ्यायचा. त्यातच एक झकास किस्सा आहे. हिंदुस्थानात पैसा कमावून विल्सन परत निघाला, तेव्हा त्याच जहाजावर थॉमस नावाचे एक बाप्टिस्ट मिशनरी होते, विल्यम केरीचे सहकारी. विल्सन त्यांच्याशी धर्मावरून इतका वाद घालायचा की शेवटी थॉमस वैतागून म्हणाले, या कप्तानापेक्षा जहाजावरचे लष्कर खलाशी आधी ख्रिस्ती होतील. काही वर्षांनी हाच माणूस मिशनच्या पहिल्या जहाजाचा कप्तान झाला. तोही बिनपगारी.

श्रीरंगपट्टणाबद्दल अजून एक. तिथल्या दर्या दौलत बागेतलं भिंतभर चित्र तुम्ही पाहिलं असेल. १७८० च्या पोळ्ळिलूरच्या लढाईत हैदर आणि टिपू इंग्रजांना लोळवताहेत, आणि मधोमध जखमी कर्नल बेली पालखीत बसलाय. इंग्रज सैन्याचा चौकोन चारी बाजूंनी घेरलेला, दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झालेला. हरलेल्या गोऱ्यांचं, जिंकणाऱ्यांनी काढून घेतलेलं चित्र. हे डोक्यात ठेवा. कारण डफचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र बरोब्बर याच्या उलट आहे.

ते काढलं रॉबर्ट स्मर्क या लंडनच्या चित्रकाराने. विषय असा: मार्च १७९७, ताहितीचा मतावाई उपसागर. स्थानिक राजघराणं मतावाईचा अख्खा परगणा कप्तान विल्सनला मिशनऱ्यांसाठी ‘अर्पण’ करतंय. बार्तोलोत्झी या त्या काळच्या स्टार खोदचित्रकाराने त्यावरून प्लेट केली आणि छापील प्रती घरोघरी पोचल्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मोठ्या ग्रंथालयांत त्या आजही जपलेल्या आहेत, आणि पॅसिफिकच्या इतिहासावरच्या पुस्तकांत हे चित्र हमखास भेटतं.

चित्र देखणं आहे. विल्सन आणि मिशनरी नीटनेटक्या कोटांत उभे, त्यांच्या बायका, कडेला मुलं. समोर ताहितीचे लोक, सगळे कसे ग्रीक पुतळ्यांसारखे घडीव. एक म्हातारा पुरोहित वाकून हात पसरून बोलतोय. त्याचं नाव मानेमाने. भाषांतर करायला बेटावर आधीच राहिलेले दोन स्वीडिश खलाशी हजर होते.

स्मर्क ताहितीला कधी गेलाच नव्हता. त्याने सगळं लंडनमध्ये बसून रंगवलं. म्हणजे आपल्याकडे इव्हेंट न बघता प्रेस नोटवरून बातमी होते ना, त्यातला प्रकार. मास कॉमला असताना आमचे एक सर सांगायचे, फोटो हातात आला की आधी कॅप्शनवर अंगठा ठेवा. कॅप्शन झाकून जे दिसतं ते लिहा, मग अंगठा काढा. मी इथे तेच केलं. कॅप्शन म्हणतं ‘अर्पण’. अंगठा ठेवला की काय दिसतं?

दिसतं असं की तरुण राजा आणि त्याची राणी माणसांच्या खांद्यांवर बसलेत. अक्षरशः, जत्रेत आपण पोराला खांद्यावर घेतो तसे. पहिल्यांदा बघताना वाटतं की चित्रकाराने एक्झॉटिक टच दिलाय. पण नाही, हे खरं होतं, आणि मिशनऱ्यांनी ते लिहून ठेवलंय. ताहितीचा सर्वोच्च राजा इतका पवित्र मानला जायचा की त्याचा पाय ज्या जमिनीला लागेल ती त्याची. तो ज्या घरात शिरेल ते घर मूळ मालकाला वापरता यायचं नाही. म्हणून स्वतःच्या खास जागा सोडल्या तर तो बाहेर पडायचा माणसांच्या खांद्यावरून.

आता परत चित्र बघा. जमिनीची मालकी म्हणजे काय याची इतकी बारीक, इतकी कडक व्यवस्था असलेला समाज ‘घ्या हा परगणा’ म्हणतोय, आणि समोरचा तो सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखा ऐकतोय. इतिहासकारांचं आज बऱ्यापैकी एकमत आहे की ताहितीच्या लोकांच्या मते त्यांनी राहायला जागा दिली होती, संरक्षण देऊ केलं होतं आणि बदल्यात बंदुका असलेल्या पाहुण्यांना आपल्या बाजूला बसवलं होतं. पोमारे घराणं तेव्हा बेटावरच्या इतर सरदारांशी झगडत होतं. गोरे शेजारी त्यांना हवेच होते. मालकी वगैरे कोण देतंय! हे सगळं सांगणारा पुरावा त्याच चित्रात, सगळ्यात उंचावर बसलाय. स्मर्कला तो काढताना कळला नसावा.

पोळ्ळिलूरच्या चित्राला उत्तर देणारे इंग्रज तरी होते. मतावाईच्या चित्राला ताहितीच्या बाजूचं जोडचित्र नाही.

डफची दुसरी चित्रं मात्र वेगळी आहेत, आणि मला ती जास्त आवडली. १७९९ मध्ये या सफरीचं जाडजूड पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यात नकाशे आहेत आणि मोजकी खोदचित्रं. त्यातलं एक मिशनऱ्यांच्या ताहितीतल्या घराचं आणि परिसराचं. एक टोंगातल्या मुआ इथल्या राजांच्या दगडी थडग्यांचं. आणि एक, जे पाहून मी सरळ होऊन बसले, पापारा इथल्या ‘मोठ्या मराए’चं.

मराए म्हणजे पॉलिनेशियन लोकांचं देवस्थान. बहुतेक मराए म्हणजे दगडी पटांगण आणि एका टोकाला चौथरा. पण पापाराचा हा, माहाइआतेआ नावाचा, म्हणजे चक्क पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड. पायथा अडीचशे फुटांहून लांब, उंची चाळीस-पन्नास फूट. चुना नाही, लोखंडी हत्यार नाही. काळा दगड आणि पांढरं प्रवाळ नुसतं तासून एकावर एक बसवलेलं. पुरेआ नावाच्या एका महत्त्वाकांक्षी बाईने आपल्या मुलासाठी, तेरिइरेरेसाठी, तो १७६० च्या दशकात बांधून घेतला. मुलगा सगळ्या बेटाचा राजा व्हावा म्हणून. इतर सरदारांना हे झेपलं नाही, युद्ध झालं, पुरेआ हरली. १७६९ मध्ये कॅप्टन कुकबरोबर आलेला जोसेफ बँक्स तिथे फिरला तेव्हा किनाऱ्यावर माणसांची हाडं पायाखाली येत होती.

डफचा पहिला अधिकारी विल्यम विल्सन १७९७ मध्ये पापाराला पोचला तो एका वेगळ्याच कामासाठी. तो पीटर या स्वीडिश दुभाष्याला घेऊन अख्ख्या बेटाला पायी फेरी मारत होता आणि घरं मोजत होता. म्हणजे जनगणना! त्याचा आकडा आला १६,०५०. कुकने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दोन लाखांवर अंदाज केला होता. कुकचा आकडा बराच फुगलेला होता असं आज मानतात, पण मधल्या काळात युरोपियन जहाजांनी आणलेल्या रोगांनी बेट पोखरलं होतं हेही खरं. या मोजणीच्या वाटेवर विल्सनने माहाइआतेआची मापं घेतली आणि चित्र केलं.

तो जी गोष्ट कागदावर उतरवत होता, ती संपवण्यासाठीच त्याचं जहाज आलं होतं. त्याला त्यात काही विसंगती वाटली असेल असं त्याच्या कोरड्या वर्णनावरून वाटत नाही. इतके फूट लांब, इतके रुंद, इतक्या पायऱ्या. इंजिनियरने साइट व्हिजिटचा रिपोर्ट लिहावा तसं.

१८६५ च्या सुमारास या पिरॅमिडचे दगड पूल बांधायला काढून नेले. कुणी बॉम्ब टाकला नाही, कुणी धर्माच्या नावाने फोडला नाही. दगड तयार होते, पूल बांधायचा होता. आपल्याकडे किल्ल्याचे चिरे पायथ्याच्या गावातल्या जोत्यांत सापडतात, तसंच. आज पापाराच्या किनाऱ्यावर झाडीत एक मोठा ढिगारा आहे, त्यावरून मूळ आकार कळणं अशक्य. त्यामुळे माहाइआतेआ कसा दिसायचा असा प्रश्न आला की जगभरचे पुरातत्त्वज्ञ, ताहितीचे स्वतःचे लोकसुद्धा, उघडतात ते मिशनरी पुस्तकातलं हे पान. चित्र थोडं जास्तच सरळ रेषेतलं आहे, लंडनच्या खोदकाराने कडा साफ केल्यात. पण त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

या एका पानामुळे मला डफबद्दल नक्की काय वाटतं हे ठरवता येत नाही. आधी ठरलेलं होतं.

आता जहाजाचं स्वतःचं काय झालं? ताहिती, टोंगा, मार्केसास इथे माणसं उतरवून डफ चीनला, कँटनला गेलं. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा चहा भरला आणि जुलै १७९८ मध्ये लंडनला परत. जाताना सुवार्ता, येताना चहा. खर्चाचा मेळ घालायला हवाच की. सोसायटी खूश झाली, लगेच दुसरी सफर, नवीन मिशनरी, बायकामुलं. कप्तान मात्र नवीन, रॉबसन. फेब्रुवारी १७९९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘बोनापार्त’ नावाच्या फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाने त्यांना धरलं आणि माँटेव्हिडिओला नेलं. प्रवासी हाल काढत घरी पोचले. जहाज गेलं. अडीच वर्षांची कारकीर्द, बस्स.

त्यानंतरची डफची जी चित्रं मिशनरी पुस्तकांत येत राहिली, फुगलेली शिडं, मागे डोंगर, पुढे होड्या, ती जहाज दृष्टीआड झाल्यावर काढलेली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या संडे स्कूलमधल्या पोरांनी पाहिलेलं डफ हे असं, आठवणीतून नव्हे तर कल्पनेतून. आपल्याकडच्या कॅलेंडरवरच्या शिवाजी महाराजांच्या घोड्यासारखं. घोडा होता, पण तो घोडा नव्हे.

कागद मात्र भरपूर उरले. सोसायटीचं दफ्तर आज लंडनच्या ‘सोआस’च्या ग्रंथालयात आहे, त्यात या मंडळींच्या रोजनिशा आणि पत्रं. आणि वस्तू? सोसायटीने लंडनमध्ये स्वतःचं म्युझियम काढलं होतं, धर्मांतरानंतर बेटांवरून आलेल्या मूर्ती तिथे मांडायच्या. १८१६ मध्ये दुसऱ्या पोमारे राजाने घरातले देव या गोऱ्यांच्या हवाली केले. जाळा, नाहीतर तुमच्या लोकांना दाखवायला पाठवा, असं सांगून. ते आधी या म्युझियममध्ये आले आणि १८९० पासून ब्रिटिश म्युझियममध्ये. त्याच संग्रहात रुरुतू बेटावरची ‘आआ’ ही प्रसिद्ध लाकडी मूर्ती आहे, जिच्या अंगावर नाक-डोळ्यांच्या जागी छोटी छोटी माणसं चिकटलेली आहेत. पिकासोकडे तिची प्रतिकृती होती, हेन्री मूरकडेही. म्हणजे ज्या वस्तू ‘बघा हे अज्ञान’ म्हणून मांडल्या, त्या पुढे मॉडर्न आर्टच्या शाळेत मास्तर झाल्या.

नकाशावरही डफ आहे. सॉलोमन बेटांच्या पार पूर्वेला ‘डफ आयलंड्स’. विल्सन १७९७ मध्ये तिथून गेला आणि नाव देऊन गेला. तिथल्या लोकांच्या लेखी मुख्य बेट तौमाको, आणि ते प्रसिद्ध आहे ‘ते पुके’ या शिडाच्या होड्यांसाठी. होकायंत्राशिवाय, लाटा आणि तारे वाचत दूरच्या बेटांवर जाणाऱ्या दर्यावर्दींसाठी. दुसरं नाव अजून मजेशीर. मांगारेवा बेटावरच्या सर्वांत उंच शिखराचं नाव माउंट डफ, ४४१ मीटर. प्रोटेस्टंट जहाजाचं नाव. आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी रिकितेआ गावात उभं आहे ते दक्षिण पॅसिफिकमधलं एक भलंथोरलं कॅथलिक कॅथिड्रल, १८४० च्या दशकात फ्रेंच पाद्र्यांनी प्रवाळाच्या दगडात बांधून घेतलेलं. विल्सन त्या बेटावर धड उतरलासुद्धा नव्हता.

पण डफच्या अवशेषांत माझा फेव्हरिट अवशेष एक माणूस आहे.

जॉर्ज व्हेसन, नॉटिंगहॅमशायरचा गवंडी. टोंगासाठीच्या दहांपैकी एक. तिथे गेला आणि काही महिन्यांतच मिशन सोडून स्थानिकांत मिसळला. एका सरदाराच्या आश्रयाने राहिला, लग्न केलं, स्वतःची शेती उभी केली, टोंगन कपडे, टोंगन भाषा. आणि अंगावर गोंदवून घेतलं. (टॅटू हा शब्दच मुळी पॉलिनेशियातून इंग्रजीत आलाय, ‘तताऊ’वरून. पुढच्या वेळी पार्लरमध्ये सांगा.) १७९९ मध्ये टोंगात यादवी पेटली, त्यात तीन मिशनरी मारले गेले. व्हेसन आपल्या सरदाराच्या बाजूने लढला. पुढे परिस्थिती बिघडली तेव्हा एका इंग्रजी जहाजाने त्याला उचललं. घरी गेला, परत चर्चला लागला आणि १८१० मध्ये टोंगातल्या चार वर्षांवर पुस्तक आलं. ते पश्चात्तापाच्या सुरात आहे, पण शेतीचं, मेजवान्यांचं, नाचांचं वर्णन करताना लेखणी अशी काही खुलते की पश्चात्ताप तेवढ्यापुरता बाजूला राहतो.

उरलेलं आयुष्य काय केलं? नॉटिंगहॅमच्या तुरुंगाचा प्रमुख झाला. कल्पना करा, थंडीत गळ्यापर्यंत बटणं लावलेला जेलर, आणि कोटाच्या खाली टोंगाची नक्षी. १८३८ मध्ये तो गेला, आणि डफने आणलेली ती एक गोष्ट त्याच्याबरोबर जमिनीत गेली. तिचं चित्र कुणी काढलेलं मला सापडलेलं नाही.

बाकीच्यांचं फारसं वेगळं नव्हतं. मार्केसासच्या दोघांपैकी हॅरिस नावाचा गृहस्थ पहिल्याच मुक्कामात पळाला. सरदाराने पाहुणचार म्हणून आपली बायको त्याच्याकडे ठेवली होती, यांनी तिला नकार दिला, तेव्हा हा नक्की पुरुष आहे का याची खात्री बायकांनी रात्री तो झोपलेला असताना करून घेतली. सकाळी साहेब समुद्रकिनाऱ्यावर आपल्या पेटीवर बसलेले, जहाजाची वाट बघत. ताहितीतूनही वर्षभरात अकरा जण घाबरून सिडनीला गेले. जे टिकले त्यांत हेन्री नॉट, हाही गवंडीच. १७९७ ते १८४४, म्हणजे मरेपर्यंत ताहितीचा. जवळजवळ वीस वर्षं एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही तरी हा भाषा शिकत बसला आणि शेवटी अख्खं बायबल ताहितीमध्ये आणलं. त्या भाषेतलं ते पहिलं मोठं छापील पुस्तक. त्याच लोकांच्या सल्ल्याने झालेल्या कायद्यांनी ताहितीत गोंदणं आणि नाचणं बंद पाडलं. आज दर जुलैला पापीतेत हेइवा महोत्सवात शेकडो लोक नाचतात, त्यांच्या दंडावर गोंदण असतं, आणि त्यातले कित्येक रविवारी सकाळी चर्चमध्ये नॉटच्या भाषेत गातात. आता यात कोण जिंकलं ते तुम्ही सांगा.

रविवारावरून एक राहिलंच. डफ मतावाईला पोचलं तो दिवस मिशनऱ्यांच्या हिशेबाने रविवार होता, ५ मार्च १७९७. सत्तरएक होड्या डुकरं, नारळ, फळं घेऊन जहाजाला भिडल्या, आणि हे लोक म्हणाले, आज रविवार आहे, आम्ही काही विकत घेणार नाही. ताहितीच्या लोकांनी याआधी अनेक जहाजं पाहिली होती. न खरेदी करणारं हे पहिलंच असावं.

पण गंमत अशी की तो रविवार नव्हताच. डफ आफ्रिकेच्या खालून, ऑस्ट्रेलियाच्या खालून, पूर्वेकडे जात जात आलं होतं. वाटेत जिथे तारीख एक दिवस मागे घ्यायला हवी होती तिथे घेतली नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषा वगैरे तेव्हा कुठे ठरली होती! त्यामुळे ताहितीच्या रेखांशाच्या हिशेबाने तो दिवस होता शनिवार, ४ मार्च. आणि मिशनऱ्यांनी तोच वार बेटाला लावून दिला. पुढची जवळपास पन्नास वर्षं ताहिती शनिवारी रविवार पाळत होतं. १८४० च्या दशकात फ्रेंच सत्ता आली, तेव्हा कॅलेंडर दुरुस्त झालं.

तारीख मात्र बदलली नाही. फ्रेंच पॉलिनेशियात ५ मार्च आजही सार्वजनिक सुट्टी असते, सुवार्ता आल्याचा दिवस म्हणून. ऑफिसं, शाळा, बँका, सगळं बंद. १७९९ चं ते पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. उघडलंत तर मजकूर वाचायची घाई करू नका, पानं उलटत थेट पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडपर्यंत जा.